मुलगा बारावीत, म्हणतो "आयआयटी नाहीतर ड्रॉप". काय करावं?

खारेगावची_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज झोपच येईना म्हणून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही कळव्याला खारेगावात राहतो. मुलगा बारावी सायन्सला, पीसीएम. दहावीला ८६ टक्के पडले आणि सगळा घोळ तिथेच झाला असं आता वाटतं, कारण पेढे वाटता वाटता चार जणांनी जेईई जेईई केलं आणि आम्ही पंधरा दिवसांत एका इंटिग्रेटेड क्लासला नाव घालून मोकळे. कॉलेज कागदावर कुठेतरी डोंबिवलीच्या पुढे, तिथे हा आत्तापर्यंत चारदा गेला असेल, क्लास ठाण्यात. दोन वर्षांचे ३ लाख २० हजार, त्यातले २ लाख ४० भरून झालेत. मिस्टर रबाळेला कंपनीत मशीन ऑपरेटर, मी पतपेढीत, तेव्हा कसे भरले ते तुम्हीच समजा.

अकरावीला ५२ टक्के. क्लासवाले म्हणाले अकरावीचं मनावर घेऊ नका, आमच्याकडे सगळ्यांचं असंच असतं. आता मॉक टेस्ट चालू आहेत, ३०० पैकी ४१, मग ३६, एकदा ५८ आले तेव्हा घरी पाणीपुरी झाली. मार्कांवर बॅचेस पाडतात त्यात हा शेवटच्या बॅचला, आणि त्या बॅचचे सर दर दोन महिन्यांनी बदलतात. मी हळूच म्हटलं अरे राज्याच्या सीईटीचं पण बघून ठेवूया, तर ताडकन म्हणाला आयआयटी नाहीतर ड्रॉप घेईन (म्हणजे वर्षभर कुठेच न जाता परत तीच परीक्षा), इकडच्या कुठल्या कॉलेजला जाणार नाही. मिस्टर म्हणतात त्याला खच्ची करू नकोस, मी आयटीआय करून आयुष्यभर उभं राहून काम केलं, त्याने एसीत बसावं. त्यांचंही चुकत नाही हो.

त्याला मनापासून आवडणारी एकच गोष्ट मला माहितीये, ट्रेन. लहानपणापासून. गॅलरीत पाठमोरा उभा असताना नुसत्या आवाजावरून सांगतो सीमेन्सची गाडी की बंबार्डियरची. खारेगावचं फाटक बंद होऊन पूल झाला तेव्हा दोन दिवस धड जेवला नव्हता. पण याला काय करिअर म्हणायचं का, छंदच ना तो?

मला एवढंच विचारायचंय की मुलाला न तोडता जमिनीवर कसं आणायचं, आणि उशीर झालाय का? जेईई जानेवारीत आहे.

---

वागळे_रोड_नं_१६

ताई, उशीर अजिबात नाही झाला. पण आधी ते उरलेले ८० हजार भरायचे थांबा, निदान हा धागा वाचून होईपर्यंत तरी.

क्लासवाल्यांनी तुम्हाला हे सांगितलंय का की आयआयटी-एनआयटीला जेईईच्या रँकबरोबर बारावीला ७५ टक्के लागतात, नाहीतर बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं? इंटिग्रेटेडवाली मुलं बोर्डाकडे बघतच नाहीत आणि मे महिन्यात कळतं. आयआयटीच्या सगळ्या देशात मिळून जागा १८ हजारांच्या आसपास, मेनला बसणारे १४ लाखांच्या वर, त्यातले वरचे अडीच लाख अॅडव्हान्स्डला. हे सगळं मुलाला पाठ असणार बरं का, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहिती असते, फक्त त्या अडीच लाखांत आपण कुठे हे बघायची हिंमत होत नाही. आपलीही झाली नसती सतराव्या वर्षी.

मी स्वतः डिप्लोमा इलेक्ट्रिकल. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत लागलो, ती बंद पडली, तिथे आता ऑफिसं झालीत, मग इकडे तिकडे करत सध्या ऐरोलीला एका डेटा सेंटरच्या मेंटेनन्सला आहे. ठाणे-बेलापूर रोडला ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात किती डेटा सेंटर उभी राहिलीत ते लोकांना माहीतच नाही, बाहेरून नुसत्या बिनखिडकीच्या इमारती दिसतात. सगळ्यांची मुलं म्हणतात मला आयटीत जायचंय, एआयमध्ये जायचंय, पण ते एआय ज्या मशीनवर चालतं ते थंड ठेवायला चिलर लागतो, लाइट गेली की यूपीएस आणि डिझेल जनरेटरने भार घ्यावा लागतो, हाय टेन्शन पॅनल समजणारा माणूस रात्री तीनला पण हजर लागतो. असा माणूस आम्हाला मिळत नाही. बीई झालेली मुलं येतात, इंटरव्ह्यूला सर्किट ब्रेकर आणि आयसोलेटरमधला फरक विचारला की गप्प. काम सोपं नाही, शिफ्ट आहे, दिवाळीला पण ड्युटी लागते, हे आधीच सांगतो.

तर मुद्दा असा की तुमचा मुलगा आयआयटी म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर नक्की काय येतं ते विचारा. कुठली ब्रांच? तिथून निघून सकाळी नऊ ते सहा काय करणार? ९० टक्के मुलांकडे उत्तर नसतं कारण त्यांनी कोणालाच काम करताना पाहिलेलं नाही. आम्ही चाळीत वाढलो, समोरचा टर्नर, वरचा पोस्टात, खालचा टेलर, कोण काय करतो आणि किती दमून येतो ते दिसायचं. आता टॉवरमध्ये बाबा लॅपटॉप घेऊन खोलीत जातात आणि दार बंद. मी माझ्या मुलीला दहावीच्या सुट्टीत सांगितलं होतं की ओळखीतले दहा जण शोध आणि प्रत्येकाला फक्त एक विचार, "काल दिवसभरात काय काय केलंत?" पगार विचारू नको, स्कोप आहे का ते विचारू नको, फक्त काल काय केलं. एका सीए मावशीने सांगितलं की काल सकाळी दहा ते रात्री साडेआठ एका कंपनीच्या गोडाऊनमध्ये माल मोजत होते. तिला ते भारी वाटलं, तिच्या मैत्रिणीला ऐकून रडू आलं 😀

रेल्वेबद्दल इथे एक काका आहेत, ते बोलतीलच.

---

दोनदा_ड्रॉप_नेरूळ

काकू, तुमच्या मुलाने सांगितलंय असं समजून वाचा, कारण मी दोन ड्रॉप घेतलेत, मेडिकलच्या नीट परीक्षेसाठी. ७२० पैकी पहिल्यांदा ३१८, मग ४०२, मग ४३७. म्हणजे बघा पहिल्या वर्षी ८४ वाढले आणि दुसऱ्या वर्षी फक्त ३५, आणि त्या ३५ मार्कांसाठी माझं अख्खं वर्ष आणि बाबांचे दीड लाख गेले. आता फिजिओथेरपी करतेय, साडेचार वर्षांचा कोर्स इंटर्नशिप धरून, आणि मला आवडतंय, पण मी हे दोन वर्षं आधीसुद्धा करू शकले असते ना.

ड्रॉप कसा असतो ते कोणी सांगत नाही. जूनमध्ये छान वाटतं, नवी वही, नवं टाइमटेबल. जुलै पण ठीक. ऑगस्टमध्ये सगळ्या मित्रमैत्रिणींचे कॉलेजच्या आयडीचे फोटो यायला लागतात, मग तुम्ही स्टेटस बघणं बंद करता, मग गणपतीत मामाकडे जायचं टाळता कारण कोणीतरी विचारणार "सध्या काय चाललंय". ऑक्टोबरपर्यंत मी घरातून फक्त क्लासला जायला बाहेर पडत होते. आणि खरं सांगू, मी त्या वर्षी बारावीत असताना केला त्यापेक्षा कमी अभ्यास केला. दिवसभर पुस्तकासमोर होते, पण अभ्यास कमी.

मला आता असं वाटतं की मी ड्रॉप डॉक्टर व्हायचं म्हणून घेतलाच नव्हता. निकालाच्या दिवशी "नाही झालं" असं म्हणायला लागू नये म्हणून घेतला. ड्रॉप म्हटलं की वर्षभर कोणी काही बोलत नाही, उलट कौतुकाने बघतात. तुमचा मुलगा आत्ता नोव्हेंबरातच ड्रॉपचं बोलतोय म्हणजे त्याने पेपर द्यायच्या आधीच मनातून हार मानलीये असं मला तरी वाटतं. चुकत असेन तर सॉरी.

ड्रॉप वाईटच असं नाही पण. माझ्या बॅचमधल्या एकीला पहिल्यांदा थोडक्यात हुकलं होतं, तिला नक्की माहीत होतं की फिजिक्सचे कुठले धडे कच्चे आहेत, तिने घेतला आणि झालं. ज्याला ३०० पैकी ४० पडतात त्याला काय काय कच्चं हे सांगताच येत नाही, सगळंच कच्चं असतं. आणि घ्यायचाच असला तरी आधी कुठेतरी अॅडमिशन हातात असू दे, आणि घरात बसून एक तारीख ठरवा की अमुक तारखेपर्यंत मॉकला इतके आले नाहीत तर थांबायचं. हे मेमध्ये ठरवायचं, डोकं शांत असताना. आमच्याकडे ठरवलंच नव्हतं, म्हणून मग दुसरा पण झाला.

त्याला हा धागा दाखवू नका प्लीज. त्याच्याबद्दल इथे लिहिलंय कळलं तर खूप भडकेल. मी भडकले असते.

---

घोडबंदरकर

सगळे लगेच मुलाच्या स्वप्नांवर पाणी ओतायला निघालेत. सतरा वर्षांचा मुलगा आहे, आत्ता नाही मोठं बघायचं तर कधी? डिप्लोमा आणि आयटीआयचे सल्ले लोक नेहमी दुसऱ्याच्या मुलांना देतात. वागळेसाहेब, तुम्ही स्वतःच्या मुलीला आयटीआयला घातलं असतं का, खरं सांगा.

आणि कंपनीत डिग्रीशिवाय वर जाता येत नाही ही वस्तुस्थिती आहे. मी वीस वर्षं बघतोय, डिप्लोमावाला काम सगळं करतो, ज्या नव्या मुलाला तोच शिकवतो तो बीई असतो आणि चार वर्षांत तोच त्याचा साहेब होऊन बसतो. ताईंच्या मिस्टरांना हेच टोचत असणार.

---

वागळे_रोड_नं_१६

@घोडबंदरकर खरं सांगतो, नसतं घातलं. मुलगी पॉलिटेक्निकला आहे, दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, पुढच्या वर्षी डायरेक्ट सेकंड इयरला डिग्रीला जाईल. साहेब होऊन बसण्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, माझ्या बाबतीत दोनदा झालंय, अजून बोचतं. म्हणूनच मी म्हणत नाही की डिग्री नको. ताईंचा मुलगा आता बारावीत आहे, त्याला दोन्ही दारं उघडी आहेत. सीईटी देऊन सरळ इंजिनिअरिंगला जाऊ दे, नाहीतर बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं, दोन वर्षांत डिप्लोमा, मग परत डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. एक वर्ष जास्त जातं पण पाया पक्का होतो, आणि ज्याचं बारावीचं मॅथ्स हललंय त्याला कधी कधी तेच बरं पडतं. ड्रॉपमध्येही वर्ष जातंच की.

सीईटीचं एक सांगायचं राहिलं. जेईईला ४० पडणारा मुलगा सीईटीत पण फेल असं समजू नका. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, १५० प्रश्न, २०० मार्क, मॅथ्सच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी २, फिजिक्स-केमिस्ट्रीला १-१. आणि अकरावीवर साधारण २० टक्केच, बाकी ८० टक्के बारावीचं. म्हणजे त्याचं अकरावीचं जे बुडालं ते इथे एवढं नडत नाही. आत्तापासून बोर्डाचं पुस्तक नीट केलं तरी बोर्ड आणि सीईटी दोन्हीचं काम होतं. कॉम्प्युटरच्या जागांसाठी मारामारी आहेच, पण इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिलला त्यामानाने कमी पर्सेंटाइलवर मिळून जातं. पीसीएमला ४५ टक्के मात्र हवेत (राखीवला ४०), ते नसतील तर सीईटीत कितीही पडू देत, उपयोग नाही.

---

कोपरीचे_लोको_काका

ताई नमस्कार. मी रेल्वेतून निवृत्त, लोको रनिंगला म्हणजे गाडी चालवायला होतो, शेवटची वर्षं लोकलवर. मुलाचं आवाजावरून गाडी ओळखायचं वाचून बरं वाटलं. छंदच तो, पण आमच्यातले निम्मे असेच आले.

थेट मोटरमन कोणी होत नाही. आधी असिस्टंट लोको पायलट, मग मालगाडी, मग खात्यांतर्गत परीक्षा आणि निवड. एएलपीला दहावी अधिक आयटीआय लागतं, किंवा मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा अथवा डिग्री. नुसत्या बारावी सायन्सवर नाही, हे मुलांना माहीत नसतं.

आता दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. पहिली, डोळे. मुलाला चष्मा आहे का? एएलपीची मेडिकल ए-वन, दोन्ही डोळे चष्म्याशिवाय ६/६, रंग ओळखता आले पाहिजेत, आणि लेसर करून नंबर घालवलेलाही चालत नाही. माझ्या माहितीतला एक पोरगा लेखी पास झाला, सायको टेस्ट पास झाला, घरी सत्यनारायण घातला, आणि मेडिकलला बाद. चार वर्षं त्याने फक्त याच्यावर काढलेली. तेव्हा फॉर्म, क्लास, पुस्तकं सगळं नंतर, पहिलं डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मर्चंट नेव्हीच्या डेकसाठी पण डोळ्यांचं कडकच आहे, नेरूळला टी. एस. चाणक्य या मर्चंट नेव्हीच्या कॉलेजचं गेट बघून मुलं हरखतात पण हे कोणी तपासत नाही.

दुसरी, भरती दरवर्षी येईलच असं नाही. एएलपीची २०१८ला आली आणि त्यानंतर थेट २०२४ला. मधली सहा वर्षं जी मुलं "रेल्वेची तयारी करतोय" म्हणून बसून राहिली त्यांचं वय गेलं. २०२४ला आधी ५,६९६ जागा काढल्या, मग वाढवून १८,७९९ केल्या, २०२५ला ९,९७०, म्हणजे सध्या वारा बरा आहे, पण वाऱ्यावर घर बांधू नये. हातात असं शिक्षण पाहिजे की भरती आली तर फॉर्म भरला, नाही आली तर बाहेर पोट भरता आलं.

चष्मा असला तरी रेल्वे संपत नाही. डिप्लोमा किंवा डिग्रीवर ज्युनिअर इंजिनिअर आहे, मूळ वेतन ३५,४०० पासून (एएलपीचं १९,९०० पासून, वर रनिंग अलाउन्स वेगळा). सिग्नल टेलिकॉम आहे, वर्कशॉप आहे, तिथल्या बऱ्याच कामांना चष्मा चालतो. गाडी चालवणारा एक दिसतो, ती गाडी रोज सकाळी शेडमधून बाहेर पडावी म्हणून रात्रभर किती माणसं राबतात ते कळव्याच्या कारशेडच्या बाजूला राहून पण लोकांना माहीत नसतं. शिवाय आता मेट्रो. नवी मुंबईची बेलापूर ते पेंधर नोव्हेंबर २०२३ पासून चालू आहे, आपल्या घोडबंदरच्या मेट्रो ४ची चाचणी सप्टेंबर २०२५ला झाली, या सगळ्यांना रोलिंग स्टॉक (म्हणजे गाड्या), ट्रॅक्शन (गाडी ओढणारी वीज), सिग्नलची माणसं लागणार.

आयटीआय केलेल्यांना मध्य रेल्वेची अप्रेंटिस असते, साधारण २,४०० जागा निघतात, दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर, लेखी परीक्षा नाही, परळ वर्कशॉप, माटुंगा, कुर्ला, कल्याण शेड वगैरे. अप्रेंटिस झाली म्हणजे नोकरी पक्की असं नाही हां, पण लेव्हल वनच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या भरतीत त्यांना २० टक्के जागा राखीव असतात. आणि ताई, मिस्टरांना सांगा आयटीआयची लाज वाटून घेऊ नका. मी पण फिटर.

---

खारघर_सेक्टर_१२

धागा हायजॅक करतेय, सॉरी. माझी मुलगी बारावी कॉमर्सला आहे, ७०-७५ पडतील. इकडे एअरपोर्ट झाल्यापासून प्रत्येक सिग्नलवर "ग्राउंड स्टाफ, केबिन क्रू, १०० टक्के प्लेसमेंट"चे बोर्ड लागलेत, सहा महिन्यांचा कोर्स, १ लाख २० हजार सांगतात. तिचं म्हणणं डिग्री करून तरी काय होतं, एअरपोर्ट दाराशी आलाय तर आत्ताच शिरू. कोणाला अनुभव?

---

दोनदा_ड्रॉप_नेरूळ

@खारघर_सेक्टर_१२ माझ्या चुलत बहिणीने असाच एक केला होता, मुंबईच्या एअरपोर्टसाठी. प्लेसमेंट म्हणजे त्यांनी तिला चार इंटरव्ह्यूंचे पत्ते दिले, जे वेबसाइटवर सगळ्यांना दिसतात. शेवटी जिथे लागली तिथे तिच्याबरोबर लागलेल्या निम्म्या मुलींनी कुठलाच कोर्स केलेला नव्हता, बारावी आणि बरं इंग्लिश-हिंदी एवढंच, बाकी ट्रेनिंग कंपनीने स्वतः दिलं. म्हणजे तिने सव्वा लाखाचा मेकअप कोर्स केला असं आम्ही तिला चिडवतो. काम चांगलं आहे पण, पहाटे तीनची शिफ्ट असते तेवढं सोडून. ते १०० टक्के वालं पावतीवर लिहून द्या म्हणा, लगेच मॅनेजर मीटिंगमध्ये जातो 😂

---

सेतू_ते_सीट

कॉमर्सवाल्या ताईंना दोन ओळी. बीएमएस, बीबीए, बीसीए करायचं मनात असेल तर २०२४ पासून त्याला पण सीईटी आहे, फॉर्मची तारीख गेली की बारावीच्या निकालानंतर हळहळ करून फायदा नाही. साध्या बीकॉमला नाही. आणि आकड्यांत रमणारी असेल तर सीए फाउंडेशन वर्षातून तीनदा होते, चार पेपर, प्रत्येकात ४० आणि एकूण ५० टक्के. एक अटेम्प्ट देऊन बघायला काही लाख लागत नाहीत. आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) पण आता तीनची दोन वर्षं झालीये.

आणि मूळ ताईंना, सगळे मुलाच्या मनाबद्दल बोलतायत, मी कागदांबद्दल बोलतो कारण दरवर्षी जून-जुलैमध्ये लोकांची पळापळ बघतो. कॉलेज कुठलंही असो, डोमिसाइल, लागू असेल तर जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन क्रीमी लेयर, नाहीतर ईडब्ल्यूएस, आणि उत्पन्नाचा दाखला. हे आत्ता हिवाळ्यात काढून ठेवा, निकालानंतर सेतूच्या बाहेर जी रांग लागते ती बघवत नाही. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओपनवाल्या मुलालाही राजर्षी शाहू महाराज योजनेत ट्यूशन फी अर्धी माफ होते, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर फॉर्म भरायचा. मुलींना तर २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीत त्याच उत्पन्नमर्यादेत व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण ही सगळी सवलत कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीतून) सीट घेतली तरच. एजंट येतो, "मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर करून देतो" म्हणतो, आईबाप कर्ज काढतात, आणि मग कळतं की फीमाफी गेली. पहिल्या राउंडला ब्रांच नाही मिळाली म्हणून घाबरून तिकडे पळू नका.

ठाण्यातच आहात तर नौपाड्याला आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेत कल चाचणी होते, ती करून घ्या. आणि त्यांचं "वेध" असतं, वेगवेगळ्या कामातली माणसं स्टेजवर येऊन स्वतःचं सांगतात, मुलाला एकदा तिथे नेऊन बसवा. कल चाचणीचा कागद म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, पण घरात बोलायला एक तिसरा माणूस मिळतो.

---

खारेगावची_आई

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, रागावू नका. पंधरा दिवसांत बरंच झालं.

धागा त्याला दाखवला नाही. काकांचं डोळ्यांचं वाचून मात्र माझ्या पोटात गोळा आला, कारण चष्मा आहे त्याला, आठवीपासून. मी नुसतं जेवताना म्हटलं की अरे मोटरमनला चष्मा चालतो का रे? तर पठ्ठ्या शांतपणे म्हणाला "नाही चालत, ए-वन लागतं, मला नववीपासून माहितीये". नववीपासून! म्हणजे त्याने हे मनात ठेवून मग जेईई-आयआयटी धरलेलं, आणि आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाही. मी नंतर भांडी घासताना रडून घेतलं.

मग ते "काल काय केलंत" त्याला आवडणार नाही असं वाटलं म्हणून मिस्टरांनाच सांगितलं. त्यांच्या कंपनीत परवानगी काढून एका शनिवारी घेऊन गेले त्याला रबाळेला. संध्याकाळी दोघं आले ते वडापाव खाऊन, म्हणजे मूड बरा. मुलगा म्हणाला बाबांची मशीन बोअर आहे (मिस्टरांना लागलं ते, पण हसले) पण पॅनल रूममधल्या इलेक्ट्रिशियन काकांबरोबर तो दोन तास होता, व्हीएफडी की काय (मोटरचा वेग कमी-जास्त करतं म्हणे) ते विचारत होता, लोकलमध्ये पण तसलंच असतं म्हणे, म्हणून गाडी सुटताना तो आवाज येतो. मिस्टर मला नंतर म्हणाले की बावीस वर्षं मी तिथे आहे, मी कधी विचारलं नाही तो आवाज कसला.

आयआयटी सोडलेली नाही त्याने. जानेवारीची जेईई देणार म्हणतोय, देऊ दे. पण सीईटीचा फॉर्म निघाला की भरायचा हे कबूल केलं, आणि ड्रॉपवर दोघा बापलेकांनी एका वहीत लिहून सही केलीये की बोर्डाचा निकाल लागल्यावर बोलायचं, तोपर्यंत घरात कोणी तो शब्द काढायचा नाही. मी पण. क्लासचे ८० हजार भरले नाहीत, क्लासमधून रोज फोन येतोय, सध्या उचलत नाही.

@घोडबंदरकर, तुमचं वाचून यांना बरं वाटलं, ते म्हणाले निदान एकजण माझ्या बाजूचा आहे.

@सेतू_ते_सीट दादा, एक विचारायचं होतं, याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मठिकाण फक्त "कळवा" आहे, तालुका-जिल्हा नाही. डोमिसाइलला चालेल का शाळेतून दुरुस्त करून आणू?

---

सेतू_ते_सीट

जन्माचा दाखला महापालिकेचा असेल तर बहुतेक वेळा भागतं, तो, रेशनकार्ड आणि दहा वर्षांचा राहिल्याचा पुरावा जोडा. तरी शाळेत एकदा जाऊन या, नाताळच्या सुट्टीआधी. सुट्टी लागली की क्लार्क भेटत नाही.